लक्ष नसते, की स्क्रीन चुकीच्या जागी असते?

मे महिन्यातली दुपार. वर्धा, हिंगणघाट किंवा आर्वी, कुठल्याही कार्यालयात संगणकाचे टेबल पाहावे. मॉनिटर जागा मिळाली तिथे ठेवलेला, पाठीमागे उघडी खिडकी आणि कूलरचा झोत थेट ऑपरेटरच्या तोंडावर. चार वाजेपर्यंत डोळे चुरचुरतात, मान अवघडते, एकच ओळ दोनदा वाचावी लागते. साहेब म्हणतात, ‘कामात लक्ष नसते.’ दोष मात्र अनेकदा माणसाचा नसून टेबलाच्या मांडणीचा असतो.

स्क्रीनकडे एकटक पाहताना पापण्यांची उघडझाप बरीच कमी होते. डोळ्यावरचा अश्रूंचा पातळ थर वाळतो आणि अक्षरे पुसट दिसतात. विदर्भाचा कोरडा उन्हाळा आणि कूलरचा वारा त्यात भर घालतात. खिडकी पाठीमागे असेल तर काचेवर तिरीप येते, समोर असेल तर डोळे दिपतात. चाळिशी लागलेल्यांची अडचण आणखी वेगळी. बायफोकल चष्म्यात जवळचे पाहण्याचा भाग खाली असतो. मॉनिटर सीपीयूवर चढवला, की दिवसभर हनुवटी वर करून वाचावे लागते.

याची किंमत रांगेतला शेतकरीही मोजतो. १ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. नोंद संगणकावर गेली, तशी टंकलेखनातली चूकही गेली. क्षेत्राचा एक अंक किंवा नावातले एक अक्षर चुकले, तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्तीचा अर्ज आणि तहसीलचे हेलपाटे आलेच. त्यात पीककर्जाचे दिवस निघून जाऊ शकतात.

उपाय महाग नाहीत. खिडकी स्क्रीनच्या बाजूला येईल असे टेबल फिरवावे. स्क्रीन हातभर अंतरावर असावी आणि तिची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली. बायफोकल वापरणाऱ्यांसाठी आणखी खाली. ज्या कागदावरून नोंद करायची तो टेबलावर आडवा न ठेवता स्क्रीनशेजारी उभा लावावा. अक्षरे मोठी करावीत. कूलरचे तोंड वळवावे. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहावे. स्क्रीनने दृष्टी जाते ही भीती निराधार आहे. पण डोकेदुखी राहिली तर डोळे तपासून घ्यावेत. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यावर मात्र पैसे घालवू नयेत. २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात, साध्या चष्म्याच्या तुलनेत त्याने डोळ्यांचा ताण कमी होतो असे दिसले नाही.

‘कार्यालयात जागाच नाही’ ही तक्रार खरी असते. पण टेबल वळवायला नवी खोली लागत नाही, लागते ती वरिष्ठांची परवानगी. तपासणीला येणारे अधिकारी हजेरी आणि प्रलंबित प्रकरणे पाहतातच. त्यांनी पाच मिनिटे ऑपरेटरच्या खुर्चीत बसून समोरची स्क्रीनही वाचून पाहावी. प्रकरणे का तुंबतात, याचे एक कारण तिथेच सापडेल.