दहा माणसांचा सण

रोश हशाना हे ज्यूंचे नववर्ष. कोकणातील बेने इस्राएल समाज त्यास ‘नव्याचा सण’ या मराठी नावाने ओळखत आला. सामुदायिक प्रार्थनेस परंपरेनुसार किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. १९४८ मध्ये इस्राएलची स्थापना झाल्यावर बहुसंख्य बेने इस्राएल तिकडे गेले. परिणामी कोकणातील कित्येक गावी ही संख्या जुळणेही दुरापास्त झाले. राज्य शासनाने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, हे उचितच. परंतु केवळ दर्जाने दहावा माणूस येत नाही. त्याच दिवशी परीक्षा वा कचेरीची हजेरी आडवी आली, तर नऊजणांची प्रार्थनाही अडते. म्हणून शाळा-कचेऱ्यांनी वेळापत्रके आखताना ज्यू दिनदर्शिकाही पाहावी. एवढे सौजन्य बहुसंख्याकांस मुळीच महाग नाही.