छापील यादी बंद करू नये



पत्त्यांची छापील यादी यंदापासून बंद करावी, नंबर सर्वांच्या फोनमध्ये असतातच, अशी सूचना मंडळापुढे आली आहे. झेरॉक्सचा खर्च वाचेल, हे खरे. तरी आम्हांला ती पटत नाही.

१९९६ साली मायक्रोसॉफ्टने हातात मावणाऱ्या संगणकांसाठी विंडोज सीई ही प्रणाली आणली. पेन्सिल सेलवर चालणाऱ्या त्या यंत्रांत पत्ते, टिपणे राहात. वहीची गरज संपली, असे तेव्हाही वाटले होते. पण ही माहिती रॅममध्ये असे. मुख्य आणि राखीव दोन्ही सेल उतरले की सारे पुसले जाई. ही उणीव २००५ च्या विंडोज मोबाईल ५.० मध्ये दूर झाली. लगेच २००७ मध्ये आयफोन आला, २००८ मध्ये अँड्रॉइड. खिशातली जुनी यंत्रे अडगळीत गेली. कारखान्यांत, गोदामांत सीई टिकली, पण तिच्या शेवटच्या आवृत्तीची देखभालही १० ऑक्टोबर २०२३ रोजी थांबली. सारा खेळ २७ वर्षांचा.

फोन वापरावा, त्याच्यावरच विसंबू नये. तीन महिन्यांसाठी बर्लिनला आलेल्या आईवडिलांनी रात्री ११२ ला फोन केला, तर त्यानंतर कोणाला बोलवायचे? तुमचा फोन कुलूपबंद असेल; फ्रिजवरचा देवनागरी कागद त्यांना वाचता येईल.

संमती दिलेल्यांचेच नंबर छापावेत. पण यादी छापावीच.