बंदूक घेतली, आता जरा मॉडिफाय करू? नाशिककरांनो, आधी वीस इंचांचा हिशोब समजून घ्या

अमेरिकेतला कुणीतरी गॅरेजमध्ये उभा राहून साध्या शॉटगनचा दस्ता बदलतो, आखूड नळी लावतो, वर टॉर्च बसवतो. दीड मिनिटाचा व्हिडिओ, लाखो व्ह्यूज. खाली मराठीतही कमेंट असते, 'आपल्याकडे हे पार्ट कुठं मिळतील भावा?'

उत्तर सोपं आहे. ज्या बदलांमुळे असे व्हिडिओ चालतात, त्यातले बहुतेक भारतात परवानाधारकालाही तुरुंगात नेऊ शकतात.

मुळात शॉटगन, म्हणजे आपल्याकडची बारा बोअरची बंदूक, कायद्याने अशक्य केलेली नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम १३ सांगतं की, स्वसंरक्षण किंवा खेळासाठी गुळगुळीत नळीची बंदूक मागितली, तर परवाना देता येतो. अट एकच, पण ती ठळकपणे लिहिलेली: नळी वीस इंचांपेक्षा कमी नको.

आता गंमत बघा. अमेरिकेत १९३४ च्या कायद्यानुसार शॉटगनच्या नळीची किमान मर्यादा अठरा इंच आहे. त्यामुळे तिकडे घराच्या रक्षणासाठी साडेअठरा इंचांची नळी सर्रास विकली जाते. रीलमध्ये दिसते ती बहुधा तीच. तिकडे पूर्ण कायदेशीर असलेली ही नळी भारतात दीड इंचाने कमी पडते, आणि बंदूक थेट नियमांतल्या पहिल्या, सर्वात कडक वर्गात जाऊन बसते.

आणि हातातली लांब नळी कापून घेतली तर? कलम ६ नुसार परवान्याशिवाय नळी आखूड करणं हाच गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप. बंदूक स्वतःची आहे, परवाना खिशात आहे, ही सबब इथे चालत नाही. परवाना बंदूक बाळगण्याचा असतो, तिची नळी कापण्याचा नाही.

सायलेन्सरचं तर आणखी वेगळं. आवाज किंवा आगीचा लोळ कमी करणारं उपकरण कायद्याच्या व्याख्येत स्वतःच 'अग्निशस्त्र' आहे. बंदुकीचे सुटे भागही त्याच व्याख्येत येतात. म्हणजे ऑनलाइन मागवलेली नळी ही 'स्पेअर पार्ट' नसून कायद्याच्या नजरेत बंदूकच. ती परदेशातून आणायला वेगळा परवाना लागतो.

नाशिकमध्ये यात एक स्थानिक धोका आहे. सातपूर-अंबडमध्ये मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत अचूक काम करणारे लेथ आहेत, कुशल हात आहेत. नळीच्या तोंडाला आटे पाडणं त्यांना काहीच अवघड नाही. पण बंदुकीची दुरुस्ती किंवा तिच्यात बदल करायला कलम ५ चा स्वतंत्र परवाना लागतो. ओळखीच्या कारागिराकडे काम नेलं, तर आपल्यासोबत तोही अडकतो. बिचाऱ्याला अनेकदा याची कल्पनाही नसते.

मग काय चालतं? खांद्याला पट्टा, दस्त्यामागे धक्का शोषणारं रबर, साफसफाईचं साहित्य, कव्हर. दस्ताच बदलायचा असेल तर परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच जायचं. ट्रॅप आणि स्कीटचे नेमबाज दस्त्याची उंची आपल्या गालाला जुळवून घेतात. त्यांच्या नळ्याही साधारण अठ्ठावीस ते बत्तीस इंचांच्या, वीसच्या रेषेपासून कोसभर दूर. शिवाय बंदुकीपेक्षा आधी शरीर आणि मन जुळवायचं असतं. नेमबाजांचे मानसशास्त्र मार्गदर्शक भीष्मराज बाम यांनी नाशिकमध्ये राहून तेच शिकवलं.

परवान्यासाठी नाशिक शहरातल्यांनी पोलीस आयुक्तालयात, तर निफाड, सिन्नर, दिंडोरीकडच्यांनी जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करायचा. पोलीस चौकशी होते, शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण लागतं, बंदूक घरी सुरक्षित कशी ठेवणार हेही लिहून द्यावं लागतं. परवाना पाच वर्षांचा, आणि सर्वसाधारणपणे एका व्यक्तीकडे जास्तीत जास्त दोन शस्त्रं. बिबट्याची भीती हे कारण ऊसपट्ट्यात नेहमी ऐकू येतं, पण परवाना मिळाला म्हणून बिबट्यावर नेम धरता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत आहे.

राहिला रीलचा मोह. बंदूक सार्वजनिक ठिकाणी मिरवली तर परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. लग्नात हवेत बार काढून कुणाचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ऑक्टोबर २०२५ मध्ये 'नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला' म्हणायला लावलेल्या भाईंचे व्हिडिओ सगळ्यांनी चवीने पाहिले. त्याच शहरात कापलेल्या नळीचा फोटो स्वतःच्याच अकाउंटवर टाकणं म्हणजे पंचनाम्याचं अर्धं काम पोलिसांना करून देणं.

वाड्यातल्या माळ्यावर आजोबांची दुनळी पडून असेल, तर तिच्याबाबतही सावध राहा. आजोबांचा परवाना त्यांच्यासोबत संपला. वारसाला स्वतःच्या नावाने अर्ज करावा लागतो, आणि तोपर्यंत ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा असलेली बरी.