खारावलेली जमीन आणि शहराचें देणें

कृष्णाकांठची जमीन पाण्यानेंच नासली, हें विधान प्रथमदर्शनीं विपरीत वाटेल. परंतु मिरज, वाळवा, शिरोळ या तालुक्यांतील पांढुरक्या पडलेल्या शेतांस निराळा पुरावा नको. उंसाला दिलेलें बेसुमार पाणी मुरून भूजल वर आलें, त्यासवें क्षार चढले, आणि पाणी उडून गेल्यावर मीठ तेवढें मागें राहिलें. नीरेच्या खोऱ्यांतील अशाच जमिनींविषयीं डॉ. हॅरल्ड मॅन यांनीं १९१० सालींच लिहून ठेविलें होतें. आम्हीं तें वाचलें नाहीं, एवढेंच.

ऊंस कांहीं काळ निभावतो. भाजीपाला निभावत नाहीं. क्षारता दर मीटरला एक ते सव्वा डेसीसायमनपुढें गेली कीं घेवडा, गाजर व कांदा यांचें उत्पन्न घटूं लागतें. टोमॅटो अडीचपर्यंत तग धरतो.

कुजलेलें शेणखत, कंपोस्ट, धैंचा किंवा ताग फुलोऱ्याच्या सुमारास गाडणें, हे उपाय नवे नाहींत. पण त्यांचें कार्य समजून घेतलें पाहिजे. खत मीठ खात नाहीं. तें माती रवाळ करतें. मग पाणी झिरपून क्षार मुळांखालीं धुतले जातात. कुजतांना होणारें सौम्य आम्ल चुनखडी विरघळवितें, आणि सुटलेला कॅल्शियम चोपण जमिनींतील सोडियमला हुसकावतो. वाफ्यावर पाचटाचें आच्छादन असलें कीं मीठ वर चढणें मंदावतें. तथापि चर खणून पाण्याला वाट दिली नाहीं, तर सारें व्यर्थ. आणि अर्धेंकच्चें किंवा मुळांतच खारट खत घातलें, तर औषधानेंच रोग बळावेल. म्हणून माती व खत यांची परीक्षा आधीं, गाडी मागाहून.

येथवर शेतकऱ्याचें कर्तव्य झालें. आतां आमच्या व्यापारी व नागरिक वाचकांस एक प्रश्न: मंडईंत रोज सडणारा पालापाचोळा कोणाचा? जो शेतांतून आला, तो शेतांत परत जावा हाच न्याय. २०१६ च्या नियमांनीं ओला कचरा वेगळा ठेवण्याचें बंधन घातलें. तरीही जेथें देंठ, कांच आणि प्लॅस्टिक एकाच ढिगांत पडतात, तेथील खत शेतकऱ्यानें कोणत्या भरंवशावर घ्यावें? अडत्यांनीं गाळ्यापाशींच निवड करावी. नगरपालिकांनीं तपासलेलें खत रास्त भावानें द्यावें. साखर कारखान्यांनीं प्रेसमड कुजवून प्रथम खारावलेल्या शेतांकडे वळवावा. ज्या उंसानें कारखाने उभे राहिले, त्याच उंसाच्या पाण्यानें ही माती बिघडली आहे.

आणि चरांचें काम एकट्याचें नव्हे. एकाचा चर शेजाऱ्याच्या बांधाशीं अडतो. तेथून पुढें गांवानें व सरकारनेंच तो ओढ्यापर्यंत नेला पाहिजे. पाणी देण्याचा अधिकार ज्यानें गाजविला, त्यानें तें काढून देण्याचें ओझेंही उचललें पाहिजे.