खुला मागण्याआधी मुलीची जन्मतारीख पाहा

पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये १६ वर्षांच्या मुस्लिम मुलीचा निकाह मान्य केला. त्याविरुद्ध राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९ ऑगस्ट २०२५ ला अपील फेटाळले गेले. झालं, कुणी म्हणाले शरियत जिंकली, कुणी म्हणाले कायदा हरला. खरं तर आयोगाला या प्रकरणात दाद मागण्याचा हक्कच नाही, असे न्यायालयाने म्हटले. वयाचा मूळ वाद तसाच आहे.

त्या मुलीने निकाह स्वतःच्या पसंतीने केला होता. आम्हा शिक्षकांना काळजी वाटते ती दुसरीची. दहावीच्या आत हजेरीपटावरून नाव जाते, घरचे निकाह लावून देतात आणि १९व्या वर्षी ती माहेरी परत येते. मग घरात एकच शब्द, खुला. मेहर सोडा आणि मोकळे व्हा!

पण खुला म्हणजे झालेला निकाह संपवणे. अशा मुलीला निकाहच रद्द करून मागता येतो. आपल्या फिकहमध्ये खियार-ए-बुलूग आहेच. १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यातही तो आला, मात्र अटी कडक : निकाह १५ वर्षांच्या आत लावलेला, नकार १८ च्या आत दिलेला, आणि पती-पत्नी संबंध आलेला नसावा. बहुतेक मुली इथेच अडतात.

२००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याचे दार जास्त रुंद आहे. १८ च्या आत निकाह झालेली मुलगी २० पूर्ण होण्याआधी अर्ज करू शकते. लग्नात दिले-घेतलेले दागिने, पैसे दोन्हीकडून परत करण्याचा आदेश होतो. दुसरे लग्न होईपर्यंत पोटगी मिळू शकते. मूल असेल तर ते औरसच राहते, ही भीती घरोघरी असते म्हणून मुद्दाम सांगतो.

हा कायदा मुस्लिमांना लागू आहे का? केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये 'हो' म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑक्टोबरच्या निकालात हा प्रश्न मोकळा ठेवला. म्हणून वकिलाला दोन्ही कायद्यांबद्दल विचारावे.

समेटासाठी जमातीत बैठका जरूर व्हाव्यात. पण एक बैठक रमजाननंतर, दुसरी ईदनंतर असे करता करता विसावा वाढदिवस उलटतो आणि हे दार बंद होते. मग उरतो खुला, किंवा १९३९ च्या कायद्यातली इतर कारणे. तेव्हा शाळा सोडल्याचा दाखला आणि निकाहनामा घेऊन आधी कौटुंबिक न्यायालय गाठावे. ते नसेल तिथे जिल्हा न्यायालय.