देव्हाऱ्यातली लक्ष्मी आणि सराफाची मूस

लग्नघर म्हटले की कपाटाच्या तळाशी ठेवलेला जुना डबा बाहेर निघतोच. जबलपूरच्या जुन्या मराठी घरांत तर असे डबे हमखास सापडतात. 1817 पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे होता. त्या काळी आणि पुढेही नोकरीचाकरीसाठी आलेली कित्येक कुटुंबे इथेच स्थिरावली. डब्यात आजेसासूबाईंची पुतळ्यांची माळ असते, एखादी गिनी असते, कधी मोहरही असते. देव्हाऱ्यात हळदकुंकू लागून लागून काळवंडलेली एखादी छोटीशी सोन्याची चकतीही असते. घरात तिला नुसते ‘लक्ष्मी’ म्हणतात.

लेकीच्या बांगड्या करायच्या असतात आणि सोन्याचे भाव कडाडलेले असतात. मग हे सगळे पुरचुंडीत बांधून सराफाकडे जाते. काटा वजन सांगतो, घट धरली जाते, आणि तासाभरात डब्यातला इतिहास मुशीत वितळून जातो. कुणाचे काही चुकले असे कुणालाच वाटत नाही.

चूक मात्र झालेली असू शकते, आणि ती भरून न येणारी असते.

तेवरची लक्ष्मी

जबलपूरहून भेडाघाटला जाताना वाटेत तेवर नावाचे गाव लागते. हीच कलचुरी राजांची राजधानी त्रिपुरी. अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात इथे गांगेयदेव राज्य करीत होता. त्या आधी कित्येक पिढ्या उत्तर भारतात सोन्याची नाणी पाडणे जवळपास थांबलेले होते. गांगेयदेवाने ते पुन्हा सुरू केले. त्याच्या नाण्याच्या एका बाजूला मांडी घालून बसलेली चतुर्भुज लक्ष्मी आहे, तर दुसऱ्या बाजूला नागरी लिपीत राजाचे नाव. वजन सुमारे चार ग्रॅम.

हा नमुना लोकांच्या इतका ओळखीचा झाला, की चंदेल आणि गाहडवाल राजांनीही तो उचलला. पुढे महंमद घोरीने उत्तर भारत जिंकला, तेव्हा त्यानेही लक्ष्मीच्या छापाची सोन्याची नाणी पाडली आणि त्यावर आपले नाव नागरीत घातले. राज्य बदलले तरी बाजारात विश्वास लक्ष्मीवरच होता!

या कलचुरींचा इतिहास उजेडात आणणाऱ्यांत नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांनी संपादित केलेला कलचुरी-चेदी काळातील कोरीव लेखांचा ग्रंथ 1955 मध्ये प्रसिद्ध झाला. ताम्रपट, शिलालेख आणि नाणी यांच्या आधारेच हा विसरलेला कालखंड पुन्हा उभा राहिला.

शंभर घडे कुठे गेले?

याच परिसरातली दुसरी गोष्ट गढा-मंडल्याच्या गोंड राज्याची. 1564 मध्ये राणी दुर्गावती मोगलांशी लढताना धारातीर्थी पडली. त्यानंतर सरदार आसफखानाने चौरागडचा खजिना लुटला. त्यात अल्लाउद्दीन खिलजीच्या मोहरांनी भरलेले शंभर घडे होते, असे अबुल फझलने ‘अकबरनाम्या’त लिहून ठेवले आहे. लुटीतले बरेचसे खानाने दडवून ठेवले. एवढ्या मोहरा एकत्र राहत नाहीत; त्या वाटल्या जातात, विकल्या जातात, वितळतात.

हे काही आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेच्या टांकसाळीने 1822 साली पाच डॉलरची 17,796 सोन्याची नाणी पाडली. पण त्या काळात नाण्यावरच्या आकड्यापेक्षा त्यातल्या सोन्याचेच मोल जास्त झाले होते. साहजिकच व्यापाऱ्यांनी ती भराभर वितळवली. आज त्या सालातली अवघी तीन नाणी माहीत आहेत. दोन वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत. तिसरे 2021 मध्ये लिलावात 84 लाख डॉलरला गेले. वजनाने ते सुमारे पाऊण तोळा भरते! ही किंमत सोन्याची नसून उरलेपणाची आहे.

घरात नाणे असेल तर

सगळीच जुनी नाणी दुर्मीळ नसतात. लक्ष्मीच्या छापाची चकती दहा वर्षांपूर्वीची असू शकते आणि हजार वर्षांपूर्वीचीही. म्हणून सराफाकडे जाण्याआधी एवढे करावे.

पहिली गोष्ट, नाणे घासू नये. दिवाळीत चिंच किंवा रिठ्याने चकचकीत करण्याची सवय नाण्याला घातक आहे. घासल्याने अक्षरे झिजतात आणि संग्राहकाच्या लेखी मोल उतरते. माळेत ओवण्यासाठी कडी लावणे किंवा भोक पाडणे यानेही तेच होते.

दुसरी, वजन बरोबर नोंदवावे. कंपनी सरकारची 1841 ची मोहर म्हणजे बरोबर एक तोळा, 11.66 ग्रॅम. गिनी म्हणून आपण जिला ओळखतो ती 7.98 ग्रॅमची, 1918 मध्ये ती मुंबईच्या टांकसाळीतही पाडली गेली होती. वजनात लक्षणीय फरक आढळला तर नकलेची शंका घ्यावी.

तिसरी, दोन्ही बाजूंची स्पष्ट छायाचित्रे काढून जाणकाराला दाखवावीत. नाशिकजवळ अंजनेरी येथे नाण्यांच्या अभ्यासाची संशोधन संस्था आहे. विद्यापीठांतील प्राचीन इतिहास विभाग आणि सरकारी वस्तुसंग्रहालयेही वाट दाखवू शकतात.

चौथी गोष्ट कायद्याची. शंभर वर्षांहून जुने नाणे 1972 च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते आणि ते खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. विकत घ्यायचे तर परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यावे. शेतात किंवा घराचा पाया खणताना नाणी सापडली, तर 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. लपवल्यास तुरुंगवास होऊ शकतो. कळवल्यास मात्र हात रिकामे राहतातच असे नाही. त्या निधीवर कुणाची मालकी सिद्ध झाली नाही, तर कायद्यात शोधणाऱ्याचा वाटा ठरवलेला आहे.

इतके करूनही नाणे साधेच निघाले तर खुशाल बांगड्या कराव्यात. लेकीच्या हातात ते सोने शोभूनच दिसेल. पण मुशीत टाकण्याआधी एकदा देव्हाऱ्यातल्या लक्ष्मीला उलटे करून पाहावे. तिच्या पाठीवर कदाचित एखाद्या राजाचे नाव असेल, आणि ते वाचणारे पहिले डोळे आपलेच असतील.