ड्रायव्हर कोणाचा, जबाबदारी कोणाची?

कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्याचे घाटाच्या पायथ्याचे तालुके. एकीकडे शेतघरे आणि दुसऱ्या घरांसाठी चाललेले जमिनींचे व्यवहार, तर दुसरीकडे ठाकूर आणि कातकरी समाजाच्या वाड्या. खरेदीखत नोंदवायचे असो, सातबारा हवा असो, जातीचा दाखला काढायचा असो की आधारद्वारे बँकेतील पैसे काढायचे असोत. या सर्वांची वाट शेवटी एका संगणकापाशी येऊन थांबते. त्या संगणकाला जोडलेला प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचे यंत्र किंवा डिजिटल स्वाक्षरीचे टोकन चालले नाही, तर अर्जदाराला परत पाठवले जाते. वाडीवरून आलेल्या मजुराच्या दृष्टीने त्याचा अर्थ एक दिवसाची मजुरी बुडणे एवढाच असतो. यंत्र का चालत नाही, हे त्याला कोणी सांगत नाही, आणि पुष्कळदा सांगणाऱ्यालाही ते ठाऊक नसते.

हा प्रश्न ऐरणीवर येण्याचे कारण म्हणजे 'विंडोज १०'ची निवृत्ती. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी या प्रणालीचा नियमित पाठिंबा थांबवला. घरगुती ग्राहकांना देऊ केलेली वाढीव सुरक्षा-मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. त्यानंतर 'विंडोज ११'कडे वळणे किंवा असुरक्षित प्रणालीवर काम रेटणे, हे दोनच मार्ग बहुतेकांपुढे उरतात. 'विंडोज ११'ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. शिवाय ही प्रणाली केवळ ६४ बिटची आहे. ज्या जुन्या यंत्राचा ड्रायव्हर ३२ बिटसाठीच लिहिला गेला होता, ते यंत्र धडधाकट असूनही नव्या संगणकापुढे मुके होते.

ड्रायव्हर म्हणजे यंत्र आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यामधला दुभाषा. यंत्राची आतली रचना त्याच्या निर्मात्यालाच ठाऊक असते. म्हणून हा दुभाषा त्यानेच पुरवावा, ही संगणक उद्योगातील जुनी रीत. मात्र ही रीत आहे, करार नव्हे. यंत्र विकले गेले की निर्मात्याला त्यातून उत्पन्न नसते, आणि जुन्या यंत्रासाठी नवा ड्रायव्हर लिहिणे म्हणजे नवे यंत्र विकण्याची संधी गमावणे. ऑपरेटिंग सिस्टिम बनवणारी कंपनी म्हणते, आम्ही बदलाची सूचना वेळेवर दिली होती. विक्रेता खोक्यावर छापलेल्या प्रणालींच्या यादीकडे बोट दाखवतो. प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या जागी खरे असते. ग्राहकाचे काम मात्र अडलेलेच राहते.

हे पूर्वीही घडले आहे. जानेवारी २००७ मध्ये 'विंडोज व्हिस्टा' बाजारात आली, तेव्हा असंख्य प्रिंटर आणि ध्वनी-चित्र कार्डांचे ड्रायव्हर तयार नव्हते. पुढे अमेरिकेतील 'व्हिस्टा केपेबल' खटल्यात मायक्रोसॉफ्टची अंतर्गत कागदपत्रे उघड झाली. त्यांनुसार २००७ मध्ये व्हिस्टा कोसळल्याच्या नोंदलेल्या घटनांपैकी सुमारे २९ टक्के घटनांचे मूळ एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमध्ये होते, तर मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या वाट्याला सुमारे १८ टक्के घटना आल्या. ग्राहकांनी दोष दिला तो व्हिस्टाला. दोष एकाच्या माथी आणि चूक दुसऱ्याची, असा हा प्रकार होता.

मायक्रोसॉफ्ट अनेक ड्रायव्हर स्वतःच्या अद्ययावत सेवेतून पोहोचवत आली आहे. आता मात्र ती हात आखडता घेत आहे. प्रिंटर कंपन्यांचे स्वतंत्र ड्रायव्हर 'विंडोज अपडेट'मधून देणे टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे धोरण तिने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केले. त्याऐवजी सर्वांना चालेल असा एकच सामाईक छपाई ड्रायव्हर वापरावा, असा तिचा आग्रह आहे. नव्या प्रिंटरांसाठी ही सोय उत्तम. परंतु ज्यांना ती सामाईक भाषा येतच नाही, त्या जुन्या प्रिंटरांना निर्मात्याच्या संकेतस्थळावरच अवलंबून राहावे लागेल. १४ ऑक्टोबर २०२५च्याच अद्ययावतीकरणात विंडोजसोबत वर्षानुवर्षे येणारा अगेर मोडेमचा ड्रायव्हर सुरक्षेतील त्रुटीमुळे काढून टाकण्यात आला. त्यावर चालणारी फॅक्स-मोडेम यंत्रे त्यामुळे निकामी झाली. सुरक्षेच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच. पण त्या यंत्रांच्या मालकांना कोणी विचारले नव्हते.

जबाबदारी निश्चित करणे अशक्य आहे, असे मात्र नाही. आधार प्राधिकरणाच्या नियमांतच त्याचे उदाहरण सापडते. अंगठ्याच्या यंत्राने घेतलेला ठसा सांकेतिक भाषेत बदलून पुढे पाठवणारी 'आरडी सर्व्हिस' यंत्राच्या पुरवठादारानेच दिली पाहिजे, असे बंधन तेथे आहे. यंत्राला प्रमाणपत्रही घ्यावे लागते. म्हणजे हा दुभाषा कोणाचा, याचे उत्तर नियमानेच दिलेले आहे. त्याचा खर्च मात्र अनेकदा वार्षिक शुल्काच्या रूपाने केंद्रचालकाच्या खिशातून जातो. जबाबदारी ठरली, तरी ती किती काळ आणि कोणाच्या खर्चाने, हे ठरल्याशिवाय प्रश्न सुटत नाही, हा त्यातला धडा.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर पोकळी स्पष्ट दिसते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार ठरलेल्या मुदतीत सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. परंतु स्वाक्षरीचे टोकन नव्या प्रणालीने ओळखले नाही म्हणून दाखला रखडला, तर टोकनच्या पुरवठादाराला विचारणारे त्यात काही नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये निर्माता, विक्रेता आणि सेवा देणारा अशा तिघांचे उत्पादन-दायित्व मान्य केले आहे. स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी यंत्र घेणारा केंद्रचालकही त्या कायद्याने ग्राहक ठरू शकतो. तरीही पाच वर्षे नीट चाललेले यंत्र प्रणाली बदलल्याने थांबले, तर त्याला सदोष म्हणायचे कसे, या प्रश्नाशी तक्रार अडते.

युरोपीय संघाने या दिशेने पाऊल टाकले आहे. १० डिसेंबर २०२४ रोजी अमलात आलेल्या सायबर सुरक्षा कायद्याची मुख्य बंधने ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. त्यानुसार निर्मात्याला साधारणपणे किमान पाच वर्षे सुरक्षाविषयक पाठिंबा द्यावा लागेल आणि तो केव्हा संपणार, हे ग्राहकाला खरेदीच्या वेळीच सांगावे लागेल. भारतात केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये दुरुस्तीयोग्यता निर्देशांकाचा अहवाल दिला. त्यातील निकषांत सुट्या भागांबरोबर सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणाचाही समावेश आहे. मात्र त्याचा रोख मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर आहे. कार्यालयीन स्कॅनर आणि टोकन यांचाही विचार त्यात व्हायला हवा.

कायदा होईपर्यंत सरकारी कार्यालयांच्या हाती एक साधन आहेच, ते म्हणजे निविदा. प्रिंटर, स्कॅनर किंवा अंगठ्याचे यंत्र घेताना किंमत आणि हमीकाळाबरोबर ड्रायव्हर किती वर्षे मिळेल, पुढच्या प्रणालीवर तो कोण आणि कोणाच्या खर्चाने देईल, या अटी लिहून घेता येतात. संगणकाची प्रणाली बदलण्यापूर्वी जोडलेल्या प्रत्येक यंत्राची चाचणी एका संगणकावर घेऊन मगच बाकीचे संगणक बदलण्याचा नियमही करता येतो. यासाठी मोठा खर्च लागत नाही. खरेदी करणाऱ्याने प्रश्न विचारायला हवा. निर्मात्याने ड्रायव्हर कायमचा द्यावा, ही अपेक्षा अव्यवहार्य आहे. तो केव्हा थांबणार हे विक्रीच्या वेळीच सांगावे, ही अपेक्षा मात्र मुळीच अवाजवी नाही. जोपर्यंत ही तारीख खोक्यावर आणि निविदेत येत नाही, तोपर्यंत प्रत्येक नव्या प्रणालीची किंमत कर्जत-खालापूरच्या खिडकीपुढे रांगेत उभा असलेला माणूसच मोजत राहील.